मॅडमचा खेकडा

आमच्या मॅडम रस्ता चुकल्या नाहीत असा एकही आठवडा मला आठवत नाही.

राहायला बोईसर आणि शिकवायला पालघर. मधे उमरोळी हे एकच स्टेशन. एवढ्या सरळ प्रवासातसुद्धा त्यांना चुकायला जागा सापडत असे. कधी विचारांच्या नादात बोईसर मागे टाकून थेट वाणगावला उतरत आणि तिथल्या बाकड्यावर बसून, परतीच्या गाडीची वाट बघत पेपर तपासत. मी वाणगावची. बाबा मिरचीच्या गोण्या घेऊन स्टेशनवर जायचे. एकदा घरी येऊन ते म्हणाले, "त्या तुमच्या बाई आज पण बाकड्यावर बसलेल्या. मी पाणी दिलं. मला विचारतात, मिरचीचं रोप उन्हाकडं कसं वळतं ते सांगा. आता मी काय सांगू? वळतं तर वळतं."

बोईसरला उतरल्या तरी सुटका नव्हती. घर पूर्वेला आणि या पश्चिमेचा जिना उतरून सरळ कारखान्यांच्या रस्त्याला लागायच्या. पहिली पाळी सुटून येणारे कामगार त्यांना ओळखू लागले होते. "मैडम, घर पीछे है," म्हणून वाटेतच वळवायचे. मॅडमनी त्यांतल्या एकाला विचारलं होतं, "आपको कैसे पता चलता है कि मैं रास्ता भूली हूँ?" तो म्हणाला, "आप खुश दिखती हो. जिसको घर का रास्ता मालूम है, वो इस टाइम पे थका हुआ दिखता है." हे वाक्य मॅडमनी दुसऱ्या दिवशी आम्हाला फळ्यावर लिहून दाखवलं आणि तारीख घातली.

रस्ता चुकल्याचं लोक लपवतात. मॅडम ते लिहून ठेवायच्या. पर्समध्ये एक लांबट वही असे, तिच्या पुट्ठ्यावर त्यांनी 'चुका' असं नीट अक्षरात लिहिलेलं होतं. "सोमवार. चहाची टपरी बंद. टपरीवरून डावीकडे वळतो, आज वळायला टपरीच नव्हती. खूण बंद न होणारी हवी." "गुरुवार. जिना उतरताना फोन आला. पायऱ्या संपल्या तेव्हा डावं-उजवं हरवलेलं." प्रत्येक चुकीपुढे कारण. कारण सापडलं नाही तर मोकळी जागा, आणि ते चार दिवसांनी सापडलं की चार दिवसांनी भरलेलं. ती वही त्या कोणालाही वाचायला देत. मला आयुष्यात पहिल्यांदाच असं मोठं माणूस भेटलं, जे आपल्या चुका जेवणाच्या डब्यासारख्या उघडून समोर ठेवत होतं.

मॅडम कोल्हापूरकडच्या. मिस्टरांची नोकरी बोईसरच्या कारखान्यात म्हणून इकडे आलेल्या. त्यांच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. पहिल्याच तासाला "मी कालच पालघर बघून आलो," असं ऐकल्यावर मागच्या बाकांवर हशा पिकला. मॅडमनी विचारलं, "काय झालं?" कोणी सांगेना. शेवटी एकीने सांगितलं. मॅडम आमच्यापेक्षा जास्त हसल्या, आणि मग पुढची तिन्ही वर्षं तशाच बोलत राहिल्या.

त्यांना आमची नावं लक्षात राहत नसत, गावं राहत. "ए मनोर, खिडकी लाव." "केळवे, तू काल कुठं होतीस?" मी वाणगाव होते. माझी मैत्रीण हर्षाली नवापूरची, तिचे वडील मासेमारीला जात, म्हणून ती नवापूर. एकाच गावाच्या दोन मुली आल्या तर मॅडमना अडचण व्हायची. मग एक मोठं बोईसर आणि एक धाकटं बोईसर असं काहीतरी करून त्या भागवत. "त्या निमित्ताने नकाशा पाठ होतो गं माझा," असं म्हणायच्या. झाला मात्र कधीच नाही.

अशा बाईला जगातल्या सगळ्या विषयांतून नेमका एकच विषय आवडावा: प्राणी आपल्या घरी परत कसे जातात. मुंगी, मधमाशी, कबुतर, खेकडा. आम्ही कॉम्प्युटर सायन्सची मुलं. पण मॅडमचा तास मुंगीपासून सुरू व्हायचा. "मुंगीचा मेंदू मोहरीच्या दाण्याच्या कितीतरी लहान भागाएवढा. माझा एवढा मोठा. मुंगी घरी, आणि मी वाणगावला. असं का?" हे त्या विनोद म्हणून विचारत नसत. त्यांना खरंच उत्तर हवं असे. मुंगीच्या मेंदूतल्या पेशींची नक्कल कॉम्प्युटरमध्ये करता येते, त्या नकली पेशींचं जाळं चुका करत करत शिकतं, हे समजल्यापासून त्यांना ते वेड लागलेलं होतं.

ते जाळं म्हणजे काय, हे आम्हाला कळेना. तेव्हा मॅडमनी फळा सोडून आम्हाला मैदानावर नेलं. मनोरच्या मुलाच्या डोळ्यांवर ओढणी बांधली. तो प्राणी. समोर लांब एका दगडावर हर्षालीचा सुकटीचा डबा. ते अन्न. दोघांना प्राण्याच्या दोन्ही बाजूंना उभं केलं, ते त्याचे डोळे: डबा ज्या बाजूला असेल त्या बाजूच्याने टाळी वाजवायची. दोघं पाय: एकाने "डावीकडे" म्हणायचं, एकाने "उजवीकडे". आणि डोळे व पाय यांच्या मधे आम्ही सहा जण, हातात चिंचोके घेऊन. कोणत्या टाळीकडे किती लक्ष द्यायचं ते चिंचोक्यांनी ठरायचं. जास्त चिंचोके म्हणजे मोठ्याने ओरडायचं, कमी असतील तर पुटपुटायचं. पाऊल डब्याकडे पडलं तर आत्ता ज्यांनी आवाज दिला त्यांना एक चिंचोका जास्त. भलतीकडे पडलं तर एक परत.

पहिल्या दहा मिनिटांत मनोर दोनदा कुंपणाला आणि एकदा प्राचार्यांच्या स्कूटरला धडकला. आम्ही हसून हसून खाली बसलो. मॅडम मात्र चिंचोके वाटत फिरत होत्या. आणि हळूहळू, खरंच सांगते, तो वळायला लागला. आमच्यापैकी कोणालाच डबा कुठे आहे याचा विचार करायचा नव्हता. प्रत्येकाला फक्त आपले चिंचोके माहीत. तासाच्या शेवटी मनोर सरळ चालत गेला आणि त्याचा पाय डब्याला लागला. मॅडम ओरडल्या, "बघितलं? एकेकटा ठार येडा, आणि मिळून शहाणा!" प्राचार्य व्हरांड्यात उभे होते. त्यांनी विचारलं, "हा खेळाचा तास आहे का?" मॅडम म्हणाल्या, "नाही सर, मेंदूचा."

हे सगळं छान होतं. पण तिसऱ्या वर्षी प्रोजेक्टची वेळ आली तेव्हा मी घाबरले.

आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. बाबा सातवी, आई चौथी. मी पदवीधर होणार हे बाबांनी आधीच अर्ध्या वाणगावला सांगून ठेवलं होतं. प्रोजेक्ट चालवून दाखवला नाही, तर निकाल अडकतो, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी ठरवलं होतं की सगळे करतात तोच करायचा: ग्रंथालयाचा. पुस्तक दिलं, पुस्तक घेतलं, दंड लावला. दरवर्षी निम्मा वर्ग तोच करतो आणि दरवर्षी तो चालतो.

मॅडमनी मला आणि हर्षालीला बोलावलं. "नवापूरला डोळे आहेत आणि वाणगावला गणित आहे. तुम्ही दोघी मला खेकडा करून द्या."

"खेकडा?"

"कॉम्प्युटरमधला. बिळातून बाहेर जाईल, हिंडेल, आणि आपला आपण घरी येईल."

विभागप्रमुख सरांना हे पटलं नाही. "मॅडम, खेकडा अभ्यासक्रमात नाही."

"पण पेशींचं जाळं आहे की, सर. ते कशावर तरी चालवायलाच पाहिजे."

"चाललं नाही तर मी जबाबदार नाही." हे वाक्य त्यांनी मॅडमकडे बघून नाही, माझ्याकडे बघून म्हटलं. मी घरी काहीच सांगितलं नाही.

नवापूरला ओहोटीच्या वेळी खाडीच्या तोंडाशी चिखल उघडा पडतो. तिथे बारके खेकडे असतात, नराची एक नांगी अंगापेक्षा मोठी. मॅडम साडी खोचून, पायात मिस्टरांचे बूट घालून चिखलात उतरल्या. हर्षालीची आई काठावरून बघत होती.

"बाई, ती खायाची चिंबोरी नाय! तिच्यात काय हाय? नुसती कवटी."

"खायला नको, मावशी. तिच्याकडून शिकायचंय."

"काय शिकायचं?"

"घरी जायला."

मावशींनी हर्षालीकडे बघितलं. हर्षाली म्हणाली, "आये, खरंच सांगतात त्या. तुला मागनं सांगते."

तासन्‌तास आम्ही एकच बीळ बघत बसायचो. खेकडा बाहेर येई, चिखल चाखत इकडे दोन पावलं, तिकडे चार, मधेच वळसा, असा कितीतरी लांब जाई. मग मॅडम रुमाल हलवत. त्याबरोबर तो सरळ रेषेत बिळाकडे धावत सुटे. आलेल्या वाटेने नाही. थेट. आणि एवढ्या बुटक्या जिवाला तेवढ्या लांबून बिळाचं तोंड दिसतही नाही. "म्हणजे निघाल्यापासून प्रत्येक पावलाची बेरीज चाललेली असते त्याच्या डोक्यात," मॅडम पुटपुटायच्या. "आपण कुठं चाललो याच्याशी त्याला देणंघेणं नाही. घर कुठल्या अंगाला राहिलं, तेवढं धरून ठेवतो." असं म्हणताना त्यांच्या आवाजात जी माया असायची, ती मी माणसांबद्दल बोलतानाही फार कमी ऐकली आहे.

वहीत नोंदी हर्षालीने करायच्या असं ठरलं, कारण तिची नजर तेज. चिखलात खुंट्या मारून दोऱ्या बांधल्या. दिशा घड्याळाप्रमाणे लिहायच्या: समुद्र म्हणजे बारा, गाव म्हणजे सहा. खेकडा कोणत्या चौकोनात आहे आणि तिथून घराकडे निघताना त्याची दिशा कोणती. मी कॉलेजात बसून ते आकडे कॉम्प्युटरला घालायचे.

आमच्या जाळ्यात वीस नकली पेशी होत्या. त्यांना वहीतली एक नोंद दाखवायची, त्यांचं उत्तर किती चुकलं ते बघायचं, आणि आतलं जोडकाम किंचित सरकवायचं. मैदानावरचे चिंचोकेच, फक्त हजारो वेळा. जाळं शिकलं. छान शिकलं. वहीतली कोणतीही नोंद विचारा, उत्तर जवळजवळ बिनचूक. मी आनंदाने हर्षालीला बोलावलं, पडद्यावर काळं बीळ काढलं, लाल ठिपक्याचा खेकडा सोडला. तो हिंडला, थांबला, घरी जायला निघाला. आणि बिळाभोवती फिरायला लागला. फिरतच राहिला.

"हा देवळात आल्यासारखा प्रदक्षिणा काय घालतोय?" हर्षाली म्हणाली.

आम्ही पेशी वाढवल्या. तो प्रदक्षिणा घालत राहिला. पेशी कमी केल्या, पुन्हा पहिल्यापासून शिकवलं, कॉलेजचा कॉम्प्युटर सोडून हर्षालीच्या भावाच्या लॅपटॉपवर नेला. प्रदक्षिणा. तीन आठवडे गेले. मी जेवताना ताटात बोट फिरवायला लागले होते, आईने विचारलं, "काय गं, भाकरीभोवती काय हात फिरवतेस?"

मॅडमना दाखवलं तर त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि गालावर हात ठेवून बघत बसल्या. "किती सुंदर चुकतोय गं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हर्षालीला राग आला. "मॅडम, परीक्षक काय सुंदर बघायला येनार हाय काय? ते आमाला नापास करतील."

"करतील की," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "पण बघ, कशीही चूक नाही ही. नुसता गोंधळ असता तर कुठंही भरकटला असता. हा रोज एकच चूक करतोय, अगदी मन लावून. म्हणजे कारण एकच आहे. सापडायचंय फक्त."

परीक्षेच्या आदल्या दिवशीपर्यंत ते सापडलं नाही. विभागप्रमुख सर म्हणाले, पोरींनो, अजूनही माझ्याकडे गेल्या वर्षीचा ग्रंथालयाचा प्रोजेक्ट आहे. मी खरोखर मोहात पडले. मॅडमना विचारलं. वाटलं, रागावतील. त्या म्हणाल्या, "घे पाहिजे तर. डिग्री तुझी आहे, खेकडा माझा हट्ट आहे. मी काही वाईट मानणार नाही." एवढंच. घरी जाताना मी खूप विचार केला. दुसऱ्याचं ग्रंथालय दाखवून मी पास झाले असते, तर बाबांना सांगताना मला नीट सांगता आलं नसतं. हर्षालीला फोन केला. ती म्हणाली, "फिरतो तर फिरू दे. आपलाच हाय ना."

मॅडम आता पालघरला नाहीत. मिस्टरांची बदली झाली आणि त्या गेल्या. मी बोईसरला एका छोट्या कंपनीत कामाला आहे. कारखान्यातली यंत्रं बिघडायच्या आधी त्यांच्या आवाजावरून ओळखायचं, असं आमचं काम. त्यातही पेशींची जाळीच आहेत. माझं जाळं चुकलं की मी पहिल्यांदा आकडे ज्याने लिहिले त्या माणसाजवळ जाऊन उभी राहते, तो कसं बघतो ते बघते. हे मला ज्या दिवशी समजलं, तो परीक्षेचा दिवस सांगते.

बाहेरचे परीक्षक सकाळपासून अकरा ग्रंथालयं बघून दमलेले होते. मॅडम मार्गदर्शक म्हणून कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी मधे बोलायचं नाही असा नियम.

"तुमचं काय? ग्रंथालय?"

"नाही सर. खेकडा."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "चालवा."

मी चालवला. लाल ठिपका हिंडला आणि बिळाभोवती फिरायला लागला. एक फेरी. दोन. तीन.

"हा घरी कधी जातो?"

"अजून गेलेला नाही, सर."

"का?"

"माहीत नाही, सर."

परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं. "प्रोजेक्ट चालत नाही, असंच लिहावं लागेल मला." मग थोडं दयेने म्हणाले, "बरं, माहिती कशी गोळा केलीत ते तरी सांगा. त्याचे काही देता आले तर बघतो."

हर्षाली आधीच तापलेली होती. "सांगते कशाला? दाखवतेच." तिने कोपऱ्यातली कचऱ्याची बादली खोलीच्या मधोमध आणून ठेवली. "ह्ये बीळ. मी चिंबोरी." चार पावलं लांब जाऊन ती उभी राहिली, गुडघे वाकवले, दोन्ही हातांच्या नांग्या केल्या. परीक्षकांनी मॅडमकडे बघितलं. मॅडम नियमाप्रमाणे गप्प होत्या, पण खुर्चीच्या टोकावर आल्या होत्या.

"आता मॅडमनी रुमाल हलवला," हर्षाली म्हणाली, आणि सर्रकन आडवी सरकत बादलीपर्यंत गेली.

मी तिच्याकडे बघत होते. तिचं तोंड खिडकीकडे होतं. पाय बादलीकडे गेले होते.

"हर्षाली," मी म्हटलं, "आत्ता तू वहीत कोणती दिशा लिहिली असतीस?"

"ही." तिने नाकासमोर बोट केलं. खिडकीकडे.

"तोंडाची?"

"मग? तोंडच दिसतं ना लांबून, डोळं वर काढलेलं असतात."

"आणि चालते कुठे, ते?"

"ते काय लिवायचं? चिंबोरी आडवी चालते! लान पोराला पण म्हायत हाय."

सगळ्यांना माहीत होतं. मला, मॅडमना, परीक्षकांना. माहीत नव्हतं फक्त आमच्या त्या वीस पेशींना, कारण त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मी उठले आणि बादलीच्या बाजूला जाऊन उभी राहिले. बादली माझ्या उजव्या हाताला. मग नाकासमोर एक पाऊल टाकलं, बादली पुन्हा उजव्या हाताला येईल एवढी वळले, पुन्हा नाकासमोर पाऊल. देऊळ, गाभारा, उजव्या हाताला देव. मी प्रदक्षिणा घालत होते. पडद्यावर खेकडाही घालत होता.

"सर, दहा मिनिटं द्याल?"

त्यांनी घड्याळ बघितलं. "पाच."

एकाच ओळीत बदल करायचा होता. खेकड्याची उजवी बाजू घराकडे आणि तोंड काटकोनात, म्हणजे घड्याळातले तीन तास. मी उत्तरातून तीन वजा केले आणि चालवलं. ठिपका हिंडला, थांबला, आणि बिळाकडे पाठ करून सुसाट पडद्याबाहेर पळून गेला.

"अगं, समुद्रात गेला तो!" हर्षाली किंचाळली. "उलट कर! उलट!"

तीन वजा करायचे नव्हते, मिळवायचे होते. मिळवले. ठिपका हिंडला. इकडे दोन पावलं, तिकडे चार, मधेच वळसा. थांबला. आणि सरळ रेषेत, थेट, बिळात शिरला.

परीक्षक म्हणाले, "परत." तो परत गेला. "आता मी लांब सोडतो." त्यांनी स्वतः सोडला. तो घरी गेला. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि त्याला पडद्याच्या चारही कोपऱ्यांतून घरी पाठवून बघितलं. बाहेर बाराव्या ग्रंथालयाची मुलं ताटकळत उभी होती.

शेवटी ते मॅडमकडे वळले. "तुम्हाला ही चूक दिसली नव्हती?"

आता बोलायची परवानगी मिळाली होती. "नाही हो सर! तीन आठवडे बघतोय मी. वही मीच तपासली, छान म्हणून सहीसुद्धा केली. आम्ही घाटावरची माणसं, खेकडा आडवा चालतो एवढं ठाऊक, पण म्हणून वहीतली दिशा आडवी असंल, हे डोक्यातच आलं नाही. आज कळलं. लई भारी वाटलं बघा."

"हे तुम्ही परीक्षकाला सांगताय?"

"मग कुणाला सांगू?"

ते हसले. सकाळपासून पहिल्यांदा हसले असावेत. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, आकड्याखाली रेघ मारली आणि कागद पालथा घातला. मॅडमनी तो पालथा घालण्याआधी बघितला होता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

"वाणगाव," त्या मला म्हणाल्या, "घरी फोन लाव."

"मॅडम, निकाल गोपनीय असतो," परीक्षक म्हणाले.

"मग गोपनीय सांगू दे की, सर. पण सांगू दे."

परीक्षक छताकडे बघायला लागले. त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मी फोन लावला. गडबडीत स्पीकरचं बटण कधी दाबलं गेलं ते मला कळलंच नाही.

"बोल," बाबांचा आवाज खोलीभर झाला. मागून वाऱ्याचा आवाज येत होता, म्हणजे ते शेतात होते. "काय झालं?"

"बाबा, पास आहे असं वाटतंय. पण अजून जाहीर नाही. गोपनीय आहे. कोणाला सांगायचं नाही."

बाबा अगदी दबक्या आवाजात म्हणाले, "नाय सांगत. कोणाला नाय सांगत." आणि लगेच, फोन तोंडापासून लांब धरून, शेताच्या दुसऱ्या टोकाला मिरची तोडत असलेल्या आईला हाक: "अगो ए! ऐकतेस काय? आपली पोरगी पास झाली! कोणाला सांगू नको!"

"काऽऽय?"

"पास झाली! पास! गोपनीय हाय!"

हर्षालीने ओढणी तोंडात कोंबली होती. मॅडम फोनकडे असं कान देऊन ऐकत होत्या, जसं गाणं ऐकतात. परीक्षक अजून छताकडेच बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

पलीकडच्या शेतातून कोणीतरी विचारलं, "कोण पास झाली रे?"

बाबांनी त्यालाही सांगितलं. गुपचूपच, पण त्याला ऐकू जाईल एवढ्या जोरात.